माझ्या वाट्याची सव्वा मूठ

मी खाणारी बाई. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही पहिल्यापासूनच नाजूक पोटाची आणि नाकं मुरडणारी असणार. तसं अजिबात नव्हतं. कोकणातून सिल्वासाच्या सरकारी शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा बरोबर एक ट्रंक होती आणि दगड पचवील असं पोट होतं. लग्न आधी जमलं नाही, नंतर मी जमवलं नाही. आईवडील गेले, घर भावाकडे गेलं आणि गणपतीत जाऊन येण्यापुरतं गाव उरलं. तरी आपण एकट्या आहोत असं मला कधी वाटलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या पोटाला.

परक्या गावात एकट्या बाईला आपल्या घरात कोण घेतं? जी वाढलेलं सगळं खाते आणि वर मागून घेते, तिला सगळे घेतात. जवळच्या खेरडी गावात शाळेतल्या मुलांच्या घरी गेले की नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ मिळायची. स्टाफरूममध्ये डबे मधोमध उघडले जायचे. गुजराती बाईंची गोड डाळ, उत्तरेकडच्या मॅडमचे मुळ्याचे पराठे, कुणाचं लोणचं, कुणाचा ढोकळा. माझा डबा मी आणायचे तो नावाला. गोड डाळीला कोकणी माणूस सहसा नावं ठेवतो, मी वाटी तोंडाला लावायचे. शाळेत कुणाकडे मुंज असो की डोहाळजेवण, मला बोलावणं असायचंच, कारण मी आले की करणाऱ्या बाईला केल्याचं समाधान मिळायचं. अन्नाला नाही म्हणू नये, हे आईने शिकवलं होतं. त्यावर माझा सगळा संसार चालला होता.

त्यातही खरं घर म्हणजे आमच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं. धुळ्याकडचं कुटुंब. नवरा धाग्याच्या कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलणारा. बायको माझ्याहून बरीच लहान, पण मी तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हटलं आणि तिने मला मॅडम. त्यांची एक मुलगी, ती मावशी म्हणायची. वहिनीकडून शेवभाजी वर यायची, कळण्याची भाकरी यायची, भरीत यायचं. रिकामी वाटी परत द्यायची नाही हा नियम तिच्याकडेही होता आणि माझ्याकडेही. त्यामुळे तीच वाटी कधी कुळथाची पिठी घेऊन खाली जायची, कधी सोलकढी. ती वाटी मुळात कुणाची हे आम्हा दोघींनाही आठवत नव्हतं.

मग माझी दाढ दुखली. एवढ्याशा गोष्टीवरून रामायण घडेल असं कुणाला वाटेल? दाढेसाठी गोळ्यांचा कोर्स झाला, त्यातच ताप आला, तापासाठी दुसरा कोर्स झाला. गोळ्यांनी दाढ बरी केली आणि जाताना पोट घेऊन गेल्या. बरी झाले म्हणून वहिनीने शेवभाजी आणि पोळ्या पाठवल्या. मी नेहमीसारखी चापून खाल्ली. तासाभरात पोट फुगलं, श्वास पुरेना आणि मानेपासून दंडापर्यंत लाल गांधी उठल्या. पित्त उठलं म्हणून मी आमसुलाचा कोळ अंगाला फासला आणि पडून राहिले. आमच्याकडे पित्तावर हेच करतात.

पण ते एकदाचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पराठ्याने तेच केलं. मग दुधाने, मग चण्याच्या डाळीने. जे पदार्थ मी जन्मभर खाल्ले ते एकेक करून माझ्यावर उलटायला लागले. स्टाफरूमला ही बातमी लागल्यावर प्रत्येकाला वैद्यकी आली. एकीने छाशमध्ये, म्हणजे ताकात, जिरं टाकून प्यायला सांगितलं, दुसरीने ओवा, तिसरीने इथल्या पाण्यालाच दोष दिला. सिल्वासात काहीही झालं की पाण्याला दोष देतात, केस गळले तरी. मी सगळं केलं. छाशने तर असा प्रताप दाखवला की पाचवीचा तास मुख्याध्यापकांना घ्यावा लागला.

शेवटी वापीला पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्याएवढे, पण समजावून सांगण्याची हौस होती. म्हणाले, आपल्या आतड्यात चांगले जंतूही राहतात, पचनाचं निम्मं काम तेच करतात. गोळ्यांनी वाइटाबरोबर त्यांनाही हाकललं. आता आतड्याचं अस्तर चिडलंय, वर्षानुवर्षं ओळखीचं असलेलं अन्न त्याला परकं वाटतंय. गहू, दूध, चणे, सगळं काही महिने बंद. मऊ भात, मूग, उकडलेली भाजी. मग एकेक पदार्थ चमचा-चमचा देऊन बघू. मी मान डोलावत होते, सगळं पटत होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मग तेच," ते म्हणाले. "पोट आणि मन एकमेकांशी बोलत असतात, मॅडम. मन रमवा. माणसांत जा."

मला असा राग आला. माणसांत जा म्हणे. मी माणसांतच होते, बाबा. माणसांत जायची माझी वाट तूच आत्ता बंद केलीस, गहू, दूध आणि चणे म्हणून. तोंडाने मात्र बरं म्हटलं आणि फी देऊन बाहेर पडले. त्या दिवसांत मला जो तो हेच ऐकवायचा. एकट्या आहात ना, म्हणून होतं. भाऊ फोनवर तेच म्हणाला. लोकांना वाटतं एकट्या बाईचं जे काही दुखेल ते एकटेपणाचंच. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की तुम्ही उलटं वाचताय. आधी पोट गेलं, एकटेपणा मागून आला.

तो कसा आला तेही सांगते. मोठ्याने दार वाजवून नाही आला. स्टाफरूममध्ये मी माझा मऊ भात घेऊन बसले की बाकीच्यांना संकोच व्हायचा. आधी म्हणायच्या, थोडंसं तरी घ्या. मग म्हणायच्या, तुम्हाला नाही ना चालत. मग काही म्हणेनाशा झाल्या. डबे अजून मधोमध उघडत होते, फक्त माझ्या बाजूला सरकत नव्हते. खानवेलच्या एका पालकांकडे लग्न होतं, सगळ्यांना आमंत्रण आलं, मला म्हणाले, "तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून बोललो नाही." चांगल्या मनाने म्हणाले, तेच तर वाईट होतं. ज्याच्यावर रागवावं असं कुणीच नव्हतं.

घरी आले की कुकरमध्ये मूठभर तांदूळ आणि मूठभर मूग. शिजेपर्यंत उभी, खाऊन होईपर्यंत उभी. एका माणसाच्या मऊ भाताला ताट घ्यावंसं वाटत नाही, मी कुकरच्या भांड्यातच खायचे. सकाळी उठणं नकोसं व्हायला लागलं. वर्गात साधी कविता आली की मी मुलांकडे पाठ करून फळा पुसत राहायचे. वजन उतरलं, केस उतरले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझी जीभ उतरली. मी कुणाची चेष्टा करेनाशी झाले. पोट आणि मन बोलत असतात हे डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं, एवढं आता कबूल करते. माझं पोट मनाला दिवसभर एकच गोष्ट सांगत होतं, की तुला आता कुणाकडे जायचं नाही.

वहिनीला मी काही सांगितलं नव्हतं. तिची वाटी आली की मी काहीतरी कारण काढून दारातूनच परत पाठवायचे. एका दुपारी ती स्वतः वर आली. दारात उभी राहूनच म्हणाली, "मॅडम, आमनं खानं आते तुमले गोड लागत नही का?" ती रडवेली झाली होती. मला त्या प्रश्नाने एवढं लागलं की मी बाही वर करून दंड दाखवला. आदल्या दिवशी डॉक्टरांचं न ऐकता एक पाव खाल्ला होता, त्याच्या गांधी अजून होत्या.

"व माय," ती म्हणाली. "मंग आधी का बरं सांगं नही?"

त्यानंतर तिने मला एकही औषध सुचवलं नाही. सगळ्या सिल्वासात ती एकटीच अशी निघाली. दुपारी ती निवडायची भाजी घेऊन वर यायची आणि मी जेवत असताना समोर बसून निवडायची. ती असली की मी ताट घ्यायचे. एवढाच फरक, पण मला तो मोठा होता. भात तोच, मूग तेच, पण घशाखाली उतरायचे.

श्रावण आला. खानदेशच्या लोकांची कानबाई त्याच महिन्यात असते. दरवर्षी वहिनीकडचे सगळे त्यासाठी गावी जायचे, म्हणून मी ते कधी पाहिलं नव्हतं. नारळाला देवीचा साज चढवतात, रात्रभर गाणी म्हणतात, दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात. त्या वर्षी नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यांनी इथेच, आपल्या दोन खोल्यांत बसवायची ठरवली. त्यात मुख्य असतात ते रोट. गव्हाच्या पिठाचे, आत चण्याच्या डाळीचं पुरण, चांगले जाडजूड. त्यासाठी गहू मापाने घेत नाहीत, माणसागणिक सव्वा मूठ घेतात. काही घरांत फक्त पुरुषांची मूठ धरतात, वहिनीकडे सगळ्यांची. ते रोट घरच्यांनीच खायचे आणि घरच्यांनीच संपवायचे. परक्याला त्यातला घास देत नाहीत, मग तो कितीही जवळचा असो. हे मला वहिनीनेच मागे केव्हातरी सांगितलं होतं. तेव्हा मी चिडवलंही होतं, की तुमच्या देवीला माझ्यासारखी खाणारी बाई माहीत दिसते.

गहू दळायला नेण्याच्या आदल्या दिवशी ती भाजीशिवायच वर आली. हात पुसत म्हणाली, "मॅडम, तुमनी मूठ बी लिधी मी."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खाली बसले. या गावात माझ्या वाट्याला इतकी ताटं आली होती, पण माझ्या नावाने धान्य कुणी मोजलं नव्हतं. ताट पाहुण्याला वाढतात. मूठ घरच्या माणसाची घेतात. आणि मूठ कशाची, तर गव्हाची, आत चण्याची डाळ. मला सगळ्यांत जास्त बाधणाऱ्या दोन गोष्टी एकाच रोटात. देवीने चांगली थट्टा मांडली होती.

कानबाई रविवारी बसणार होती, तोवर मी दुसरा विचार केला नाही. खावं तर अंग सुजणार, पहिल्या वेळी श्वास अडकला होता, आणि एकट्या घरात ते निस्तरणार कोण? नाही खावं तर त्या मुठीला नाही म्हटल्यासारखं. स्टाफरूममध्ये नाही म्हणत म्हणत मी काय काय घालवलं होतं ते मला माहीत होतं. हे एवढं एकच घर उरलं होतं, ते मला गमवायचं नव्हतं. शेवटी ठरवलं की एक रोट खायचा, वर गोळी घ्यायची आणि व्हायचं ते होऊ दे. गोळी पदराच्या गाठीला बांधावी तशी रुमालात बांधून मी खाली गेले.

देवी चौरंगावर बसली होती, नाकात नथ, अंगावर वहिनीच्या लग्नातलं लुगडं. पंगत म्हणजे आम्ही चौघंच. वहिनीने रोट वाढले, लाल भोपळ्याची भाजी वाढली. माझ्या पानात रोट वाढला, मी हात जोडले आणि तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत जायच्या आत तिने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने माझ्या पानातला रोट उचलला आणि स्वतःच्या पानात ठेवला. मग चुलीशी जाऊन एक पातेलं आणलं. त्यात मऊ भात होता, मूग घालून केलेला, मी करते तसाच.

"वहिनी, माझी मूठ," मी म्हणाले.

"मूठ तुमनीच से," ती म्हणाली. "खावाले मी से ना."

नवरा म्हणाला, "घरना माणूसनं घरना माणूस खाई लेस. त्यामा काय." आणि तो जेवायला लागला. मुलगी माझ्याकडे बघून हसली, कारण माझं नाक वाहत होतं. मी भात खाल्ला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाढलेलं न खाताही माझं काही गेलं नव्हतं. नाही म्हणता येतं ते घर आपलं, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. आईने हे शिकवलं नव्हतं. तिला कदाचित माहीतच नसावं.

दुसऱ्या दिवशी दमणगंगेवर देवी पोचवायला मीही गेले. उरलेले रोट वहिनी पुढचे काही दिवस दुधाशी खात होती. माझ्या वाट्याचे त्या दिवशीचे संपले की वर येऊन सांगायची, तुमचे संपले बरं का. मी विचारायचे, कसे होते. ती म्हणायची, तुमचे जरा जास्त गोड.

त्या दिवाळीनंतर नवऱ्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. शेती बघायला कुणी नव्हतं. नवऱ्याने कारखाना सोडला आणि ते गावी गेले. टेम्पो भरताना ती वाटी सापडली. वहिनी म्हणाली तुमची, मी म्हटलं तुमची. शेवटी ती माझ्याकडे राहिली. तळमजल्यावर आता कारखान्यातली चार पोरं राहतात, बाहेरून डबे मागवतात. जिन्यात भेटली की मान हलवतात.

आणि मग पोट सुधारायला लागलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी एकेक पदार्थ चमचा-चमचा आणला. आधी ताक, तेही थेंबाथेंबाने. मग नागलीची भाकरी, ती तर पहिल्याच दिवशी आईच्या हातची असल्यासारखी मानवली. मग दूध. मग चण्याची डाळ, भिजवून, नीट शिजवून. झोप लागायला लागली, सकाळी उठावंसं वाटायला लागलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली. डॉक्टर खूश. म्हणाले, बघा, मन रमवलंत ना. मी या वेळी चिडले नाही. चिडून सांगायचं कुणाला? अन्न एकेक करून परत आलं, पण त्याच्याबरोबर गेलेली माणसं परत आली नाहीत. गुजराती बाई निवृत्त झाल्या, पराठेवाल्या मॅडमची बदली झाली. स्टाफरूममध्ये नवीन लोक आपापला डबा आपल्यापुढे ठेवून मोबाइल बघत जेवतात. मी त्यांच्याकडे डबा सरकवला तर दचकतात.

गहू सगळ्यात शेवटी आला. अर्धी पोळी, मग एक, मग दोन. या वर्षी श्रावण लागला तेव्हा मी दोन पोळ्या खाऊन शाळेत जात होते. मला एकच गोष्ट दिसत होती. मी वहिनीला फोन लावला. सांगितलं की पोट बरं झालं, गहू चालतो, चणे चालतात. सुरतेला गाडी बदलून शनिवारपर्यंत पोचते. या वेळी माझी मूठ मीच खाईन.

पलीकडे ती खूप आनंदली. मागे भांड्यांचा, बायकांचा आवाज होता. नंतर हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आठे मोठी जाऊबाई मोजस." गावात सगळी भावकी एकत्र, सगळ्यांची एकच कानबाई. कोण किती, हे जाऊबाईच्या तोंडपाठ. "तुमनं नाव मी काढं नही. मनात व्हतं, पण काढं नही." मी म्हटलं, बरं केलंस, भलतंच काय. ती म्हणाली, "तुमी या ना. तुमनासाठे येगळ्या पुरणपोळ्या करसूत."

पाहुण्यांसाठी करतात तशा. मी म्हटलं, बघते, शाळेत परीक्षा आहेत. तिलाही कळलं की श्रावणात कसल्या परीक्षा. तिने आग्रह केला नाही, आणि तिला दोष द्यावा असं मला अजूनही वाटत नाही. इथे तिचं घर तीनच माणसांचं होतं, म्हणून मी तिला घरची झाले. तिथे तिचं घर भरलेलं आहे.

रविवारी मी डब्यात हात घालून सव्वा मूठ गहू काढले. चक्कीवाला हसला, एवढ्याचं काय दळू म्हणाला, पण दळून दिलं. चण्याची डाळ शिजवली, पुरण केलं, जाडजूड रोट थापला. देवी नव्हती, बसवायचा मला अधिकार नव्हता. ताट घेतलं, पाटावर बसले आणि वाटीत दूध घेऊन, त्याच वाटीत, सगळा रोट खाल्ला. मग बाही वर करून खिडकीपाशी बसले. दुपार गेली, चार वाजले, पोरं खालून शिफ्टला गेली. पोट फुगलं नाही. दंडावर एक पुळीसुद्धा उठली नाही. संध्याकाळपर्यंत मी तपासून तपासून बघत होते, आणि खरं सांगते, थोडं तरी दुखायला हवं होतं.